ब्राउझर आपल्या फायली वाचतो का? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एक छोटी चौकट दिली होती, की ब्राउझरमध्ये चूक राहिली असेल तर नुसतं वेबपेज उघडल्यावरही कॉम्प्युटरमधल्या फायली बाहेर जाऊ शकतात. चार ओळी होत्या फक्त. त्यावर इतके मेल आणि मेसेज आलेत की या वेळी दुसरा विषय घेताच येत नाहीये (मोबाइल रिचार्जवाल्या मंडळींनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी). बऱ्याच जणांचा सूर एकच, "म्हणजे आता कॉम्प्युटर बंदच ठेवायचा का?" नाही हो. पण घाबरायचं कशाला आणि कशाला नाही यात जरा उलटापालट झालेली दिसतेय, ती बघू.

प्रश्न: सर, मी स्कॉलरशिपचा फॉर्म भरत होते. मार्कशीट अपलोड केली तर तिथे "सी:\फेकपाथ\मार्कशीट" असं आलं. माझ्या लॅपटॉपमध्ये फेकपाथ नावाचं फोल्डरच नाही, हिडन फायली ऑन करून पण शोधलं. भाऊ म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मार. मारू का? (विद्यार्थिनी, लातूर)

नको, अजिबात नको, आधी भावाला थांबवा. ते फोल्डर कुठेच नाहीये. ब्राउझर त्या साइटला मुद्दाम थाप मारतोय आणि ती तुमच्या भल्यासाठी आहे. पूर्वी काय व्हायचं, तुम्ही फाइल निवडली की काही ब्राउझर तिचा पूर्ण पत्ता साइटला सांगून टाकायचे, म्हणजे ड्राइव्ह कुठला, फोल्डर कुठलं, आणि विंडोजमध्ये तर त्या पत्त्यात युजरचं नाव पण असतं, बरेच जण तिथे स्वतःचं खरं नाव टाकून बसलेले असतात. साइटला या सगळ्याशी काय करायचंय? म्हणून पत्ता कापायचं ठरलं. पण काही जुन्या साइटींचा कोड असा होता की शेवटचा बॅकस्लॅश शोधायचा आणि त्याच्या पुढचं नाव उचलायचं, बॅकस्लॅश नाही मिळाला तर गाडी अडली. मग तोडगा काढला की फाइलचं नाव खरं द्यायचं आणि पुढे पत्ता मात्र खोटा चिकटवायचा. आता हे एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपेज ज्या भाषेत लिहितात तिच्या, स्टँडर्डमध्येच लिहिलेलं आहे. मॅकवर सी ड्राइव्ह नावाची भानगडच नसते, तिथेही हेच दिसतं. फॉर्म बनवणाऱ्याने ते तसंच्या तसं स्क्रीनवर दाखवलं हा त्याचा आळस, बाकी काही नाही.

यातला नियम लक्षात ठेवा, पुढची सगळी उत्तरं त्यावरच आहेत: तुम्ही स्वतः निवडून दिलेली फाइल तेवढी साइटला मिळते, तिच्या शेजारची मिळत नाही. निदान मिळू नये.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. एका साइटवर गेलो तर माझ्या सी ड्राइव्हची सगळी यादीच स्क्रीनवर आली, खाली लाल अक्षरात "तुमच्या फायली सगळ्या जगाला दिसत आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा". मी घाबरून वायरच काढली. फोन करायला हवा होता का? (सातारा)

काका, वायर काढलीत ते झकास केलंत. फोन करायचा नव्हता.

ही युक्ती फार जुनी आहे. पूर्वी साइटवाले पानात एक चौकट ठेवायचे आणि त्या चौकटीत तुमच्याच ब्राउझरला तुमचाच सी ड्राइव्ह उघडायला सांगायचे. यादी खरी असायची, पण ती तुमच्या ब्राउझरने तुमच्याच डिस्कवरून काढून तुम्हालाच दाखवलेली, साइटवाल्याला त्यातलं अक्षर दिसत नसायचं. आताचे ब्राउझर एवढंही करू देत नाहीत, इंटरनेटवरच्या पानाने डिस्कवरची फाइल उघडायला सांगितली की सरळ नकार देतात. त्यामुळे हल्ली जे दिसतं ते बहुतेक वेळा नुसतं रंगवलेलं चित्र असतं. विंडोज, प्रोग्राम फाइल्स, युजर्स... ही नावं सगळ्यांच्याच सी ड्राइव्हमध्ये असतात, त्यामुळे ते प्रत्येकाला आपलंच वाटतं.

खरा घोटाळा त्या फोननंतर सुरू होतो. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो आणि मग तुम्ही स्वतःच त्याला आत घेतलेलं असतं, ब्राउझरमध्ये चूक असायची गरजच उरत नाही. कोणी ते केलं असेल तर नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, त्याच क्रमाने आणि त्याच दिवशी.

प्रश्न: आमच्या टीममधला एक सीनियर सांगत होता की फायरफॉक्समध्ये एकदा नुसती जाहिरात दिसल्यामुळे लोकांच्या एसएसएच की चोरीला गेल्या होत्या. क्लिक पण करावं लागलं नाही म्हणे. हे खरं आहे की चहाच्या टपरीवरच्या गप्पा? (वेब डेव्हलपर, पुणे)

खरं आहे. (बाकीच्यांसाठी: एसएसएच की म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरायची किल्ली, ती फाइलच्या रूपात असते.) आणि ही गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

आधी पाया. ब्राउझरमध्ये एकाच वेळी दहा साइटी उघड्या असतात, एकीकडे बँक, एकीकडे बातम्या, एकीकडे कुठलंतरी गेमचं पान. हे सगळे एकाच वाड्यातले भाडेकरू समजा, प्रत्येकाला किल्ली फक्त स्वतःच्या खोलीची. बातम्यांच्या पानातल्या जावास्क्रिप्टला, म्हणजे पानात चालणाऱ्या कोडला, बँकेच्या पानातलं वाचता येत नाही. याला सेम ओरिजिन पॉलिसी म्हणतात. तुमच्या डिस्कवरच्या फायली पण ब्राउझरमध्ये उघडतात, त्यांचा पत्ता "फाइल, कोलन, तीन स्लॅश" असा सुरू होतो, आणि ती खोली बाहेरच्या कुठल्याच साइटला उघडता येऊ नये असा बंदोबस्त असतो. आता गंमत अशी की ब्राउझर स्वतः काही गोष्टी दाखवतो, उदाहरणार्थ पीडीएफ. फायरफॉक्समधला पीडीएफ दाखवणारा भाग जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे आणि त्याला साध्या वेबपेजपेक्षा जास्तीचे अधिकार होते.

५ ऑगस्ट २०१५ ला फायरफॉक्सच्या एका युजरने मोझिलाला, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांना, कळवलं की रशियातल्या एका बातम्यांच्या साइटवरची जाहिरात लोकांच्या फायली शोधून कुठेतरी पाठवतेय, आणि तो सर्व्हर युक्रेनमध्ये असावा असं दिसत होतं. चूक होती ती पीडीएफ व्ह्यूअर आणि ही खोल्यांची व्यवस्था जिथे एकमेकांना भेटतात तिथे. त्या फटीतून जाहिरातीतलं जावास्क्रिप्ट "फाइल, कोलन, तीन स्लॅश"च्या खोलीत घुसत होतं. मशीनवर वाट्टेल तो प्रोग्राम चालवता येत नव्हता, व्हायरस वगैरे काही बसत नव्हता, फक्त फायली वाचायच्या आणि पाठवायच्या. पण तेवढंच पुरेसं होतं ना!

कुठल्या फायली शोधल्या ते बघा म्हणजे चोर किती हुशार होता ते कळेल. विंडोजवर फाइलझिला आणि इतर एफटीपी (सर्व्हरवर फायली चढवायच्या) प्रोग्रामच्या सेटिंग, सबव्हर्जनच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रामच्या), एसथ्री ब्राउझरच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या फायली बघायच्या प्रोग्रामच्या), चॅट प्रोग्रामच्या अकाउंटच्या फायली. लिनक्सवर आधी पासवर्ड फाइल, ज्यात युजरची नावं मिळतात, मग प्रत्येक युजरच्या घरात शिरून बॅशची, म्हणजे टाइप केलेल्या कमांडची, हिस्टरी, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची हिस्टरी, एसएसएचची सेटिंग आणि कीज, शिवाय ज्या टेक्स्ट फायलींच्या नावात "पास" किंवा "ॲक्सेस" आहे त्या सगळ्या. म्हणजे ज्यांनी "पासवर्ड्स" नावाची फाइल डेस्कटॉपवर ठेवलेली असते (ठेवता तुम्ही, मला माहितीये) त्यांच्यासाठीच लिहिलेलं. लग्नाचे फोटो कोणाला नको होते, डेव्हलपरच्या मशीनमधून पुढे सर्व्हरवर जायचं होतं. मोझिलालासुद्धा याचंच नवल वाटलं होतं, की सर्वसाधारण बातम्यांच्या साइटवर लावलेलं जाळं आणि शिकार मात्र डेव्हलपरची. मॅक त्या यादीत नव्हता, पण वेगळा कोड लिहिला तर मॅकही सुटणार नाही असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी, ६ ऑगस्टला, ३९.०.३ ही दुरुस्त आवृत्ती आली. एका दिवसात! याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी. पण या चोरीचा मशीनवर काहीही माग राहत नव्हता, त्यामुळे "माझ्या फायली गेल्या का" याचं उत्तर कोणालाच मिळणार नव्हतं. सल्ला एवढाच होता की या प्रोग्रामांचे पासवर्ड आणि कीज बदलून टाका. ॲड ब्लॉकर वापरणारे कदाचित वाचले असतील, कुठला ब्लॉकर आणि कुठले फिल्टर यावर ते अवलंबून होतं. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये हा पीडीएफ व्ह्यूअर नव्हता म्हणून तो सुटला.

आणि आता खरी मिरची. सप्टेंबर २०१५ मध्ये मोझिलाने जाहीर केलं की त्यांच्या बग्झिलामध्ये, म्हणजे जिथे चुकांची नोंद ठेवतात त्या सिस्टीममध्ये, कोणीतरी घुसलं होतं. कसं? सुरक्षेच्या नोंदी बघायचा अधिकार असलेल्या एका युजरने तोच पासवर्ड दुसऱ्या एका साइटवर पण ठेवला होता आणि ती साइट फुटली. बस्स. घुसखोराने १८५ खासगी नोंदी वाचल्या, त्यातल्या ५३ गंभीर सुरक्षा चुकांच्या होत्या. ४३ तोपर्यंत दुरुस्त होऊन लोकांपर्यंत पोचलेल्या होत्या, राहिल्या दहा, आणि त्यातली एक तर ३३५ दिवस उघडी होती. ऑगस्टमधला हा हल्ला त्याच चोरलेल्या माहितीतून झाला असं मोझिलाचं म्हणणं होतं. म्हणजे जगातल्या हुशार लोकांनी बांधलेली व्यवस्था, आणि आत शिरायला काय लागलं, तर दोन ठिकाणी ठेवलेला एकच पासवर्ड.

तुम्ही डेव्हलपर आहात म्हणून एक जादा: एसएसएच कीला पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, लावा. फाइल गेली तरी तिचा लगेच उपयोग होत नाही. आणि तुमच्या सीनियरला माझ्याकडून एक कटिंग.

प्रश्न: मी सीएच्या ऑफिसात काम करते. क्लायंट आणि काही वेळा बँका पण मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर एचटीएमएल फाइल पाठवतात, ती डबलक्लिक केली की ब्राउझरमध्ये उघडते. अटॅचमेंट ईएक्सई नाही ना एवढं मी बघते. मग तर सेफ आहे ना? (नाशिक)

ताई, तुमच्या प्रश्नात आजची सगळ्यात कामाची गोष्ट आहे. इंटरनेटवरचं पान बघणं आणि तेच पान डाउनलोड करून डिस्कवरून उघडणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. डाउनलोड केलेली एचटीएमएल फाइल तुम्ही उघडता तेव्हा ती त्या आतल्या "फाइल" खोलीत उघडते, तुम्ही स्वतः तिला आत बसवलेलं असतं.

२०१९ पर्यंत फायरफॉक्सचा समज असा होता की एका फोल्डरमधल्या फायली म्हणजे एका घरातली माणसं. म्हणजे डाउनलोड्समध्ये आलेली एचटीएमएल फाइल उघडली की तिच्यातला कोड त्याच फोल्डरमधल्या आणि त्याच्या आतल्या फोल्डरमधल्या फायली वाचून बाहेर पाठवू शकत होता, फक्त त्यांची नावं माहीत हवीत किंवा अंदाजाने जुळायला हवीत. तुमच्या डाउनलोड्समध्ये काय काय असतं ते आठवून बघा. फॉर्म सोळा, बॅलन्स शीट, पॅन, आधार... आणि नावं किती अंदाज करण्यासारखी असतात! अँड्रॉइडवर तर दाखवून दिलं गेलं होतं की एका लोकप्रिय मेसेजिंग ॲपवरून आलेली एचटीएमएल फाइल फायरफॉक्समध्ये उघडली की इतरांनी पाठवलेल्या अटॅचमेंट वाचता येतात, कारण ते ॲप फायलींना तारीख आणि नंबर असल्या ठरावीक पद्धतीने नावं देतं. जुलै २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६८ मध्ये हे बंद केलं, आता प्रत्येक फाइल स्वतंत्र धरतात. क्रोम आधीपासूनच तसं धरत होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटरनेट एक्सप्लोररबद्दल पण असंच बाहेर आलं. जॉन पेज या संशोधकाने दाखवलं की एमएचटी प्रकारची, म्हणजे सगळं पान एकाच फाइलमध्ये सेव्ह केलेली, फाइल उघडली तर ती कॉम्प्युटरवरच्या फायली वाचून पाठवू शकते. तुम्ही एक्सप्लोरर वापरत नसलात तरी विंडोजमध्ये एमएचटी उघडायचं काम त्याच्याकडेच असायचं, त्यामुळे डबलक्लिक पुरेसा. मायक्रोसॉफ्टने तेव्हा कळवलं की पुढच्या आवृत्तीत विचार करू. विचार करू! आपल्याकडे सरकारी टेबलावर हे उत्तर मिळतं तेव्हा त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आता हे जुने दरवाजे बंद झाले तरी एचटीएमएल अटॅचमेंट सेफ म्हणायला मी तयार नाही, कारण दुसरा धोका राहतोच, ती फाइल हुबेहूब बँकेचं किंवा मेलचं लॉगिन पान दाखवते आणि वर ॲड्रेस बारमध्ये तुमच्याच डिस्कचा पत्ता असतो, त्यामुळे साइट खोटी आहे हे ओळखायची सोयच राहत नाही. क्लायंटला सांगा, पीडीएफ पाठव. बँकेचं असेल तर बँकेच्या साइटवर स्वतः लॉगिन करून स्टेटमेंट काढा. अगदीच नाइलाज असेल तर एक वेगळं रिकामं फोल्डर करा, त्यात ती एकच फाइल ठेवून उघडा, आणि ती पासवर्ड मागत असेल तर बंद करा.

प्रश्न: माझं छोटं सेवा केंद्र आहे. पीसी विंडोज ७ चा, क्रोम १०९, त्याच्यावर अपडेटच येत नाही. दाखले, सातबारा, आधार, सगळी कामं त्यावरच. नवीन पीसीला पैसे नाहीत. ब्राउझरच्या या चुकांचा मला काय धोका? (बीड जिल्हा)

दादा, खरं सांगायचं तर या अंकातल्या सगळ्यांत जास्त धोका तुम्हालाच आहे, आणि तो तुमच्यापेक्षा तुमच्या गिऱ्हाइकांना आहे.

विंडोज ७ वर चालणारा १०९ हा शेवटचा क्रोम, जानेवारी २०२३ चा. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये क्रोम ११६ आला, त्यात एक चूक दुरुस्त केली, एक्सएमएल या प्रकारच्या माहितीच्या फायली वाचणाऱ्या भागातली. खास बनवलेल्या पानातून फायलींवरची बंधनं ओलांडता येत होती. म्हणजे आपण आज बोलतोय अगदी तीच जात. ती ११६ मध्ये बुजली, तुमच्याकडे १०९ आहे. चूक दुरुस्त झाली की तिची माहिती पण जाहीर होते, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर बसलेल्या माणसाची अडचण अशी, की कुलूप कसं उघडतं ते सगळ्यांना कळलेलं असतं आणि याचं कुलूप मात्र तेच.

पैसे नसताना काय करता येईल? फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सुरक्षा दुरुस्त्या मिळणारी) ही मालिका मोझिलाने विंडोज ७ साठी मुदत वाढवत वाढवत चालू ठेवली, मोझिलाच्या साइटवर तिची सध्याची मुदत बघून ती टाका, १०९ पेक्षा बरी. पीसी जुना असला तरी लिनक्स मिंटसारखं काही त्यावर चालू शकतं आणि त्यात ब्राउझर ताजा राहतो, फक्त तुमचा अंगठ्याचा स्कॅनर आणि प्रिंटर चालतो का ते एखाद्या पेन ड्राइव्हवरून आधी बघून घ्या, नाहीतर मला शिव्या घालाल.

पण याच्याही आधीचं, फुकटातलं काम: लोकांच्या फायली साठवू नका. काम झालं, पावती दिली, स्कॅन डिलीट, रीसायकल बिन रिकामा, रोज संध्याकाळी. "परत लागेल म्हणून ठेवलंय" हे मी प्रत्येक केंद्रात ऐकतो, डेस्कटॉपवर गावच्या गाव पडलेलं असतं आधारसकट. ब्राउझरला भोक असो नसो, जी फाइल डिस्कवर नाही ती कोणी नेऊ शकत नाही.

प्रश्न: आमच्या घरी सगळे आयफोन आणि मॅक. हे प्रकार विंडोजवाल्यांचेच ना? (ठाणे)

नाही ना.

२०२० मध्ये पोलंडच्या पावेल विलेचियाल या संशोधकाने सफारीतली एक गंमत दाखवली. पानावर "शेअर करा" असं बटण असतं ना, त्या सोयीत लिंकच्या जागी डिस्कवरच्या फाइलचा पत्ता चालून जात होता. त्याने नमुन्यादाखल मांजराच्या पिल्लाचं गोड चित्र ठेवलं, मित्रांना पाठवा म्हणून बटण दिलं, तुम्ही मेल निवडलं की मेलला चित्राऐवजी तुमची सफारीची हिस्टरीची फाइल चिकटायची, आणि मजकूर लांब ठेवला की अटॅचमेंट खाली सरकून दिसायची पण नाही. यात पाठवणारे तुम्हीच, त्यामुळे फार मोठा धोका नव्हता हे त्यानेही मान्य केलं. पण त्याने एप्रिलमध्ये कळवलेली चूक ॲपल पुढच्या वर्षीच्या वसंतात दुरुस्त करू म्हणाली, तेव्हा त्याने ऑगस्टमध्ये ती जाहीर करून टाकली. माझ्या मते बरोबर केलं.

पुढे रायन पिकरेनने मॅकच्या सफारीत चुकांची एक साखळीच शोधली, त्यातून कॅमेरा आणि उघडलेली अकाउंट तर हाती लागत होतीच, शिवाय डिस्कवरच्या फायलींपर्यंत पण पोचता येत होतं. ॲपलने त्याला १,००,५०० डॉलर बक्षीस दिलं. एवढी रक्कम कंपनी उगाच देत नाही. एक लक्षात ठेवा, आयफोनमध्ये सफारी ही आयओएसबरोबर अपडेट होते, त्यामुळे "नंतर आठवण कर" म्हणून जे तुम्ही रोज रात्री दाबता त्यात ब्राउझर पण अडकलेला असतो.

प्रश्न: फोटो एडिट करायची एक साइट क्रोममध्ये विचारते, "या फोल्डरमधल्या फायली बघू आणि बदलू द्यायच्या का?" मी हो म्हटलं. मग तुमच्या त्या नियमाचं काय? (फोटोग्राफर, कोल्हापूर)

नियम तोच, फक्त तुम्ही आता फाइल निवडून न देता फोल्डरच देऊन टाकलंत. ही चूक नाही, सोय आहे, क्रोम ८६ पासून म्हणजे २०२० पासूनची. परवानगी दिली की साइट त्या फोल्डरमधलं आणि आतल्या फोल्डरांमधलं सगळं वाचू शकते, बदलू दिलं तर बदलू पण शकते. सिस्टीमची नाजूक फोल्डरं क्रोम देऊ देत नाही, पण "क्लायंट लग्न सगळे" हे फोल्डर नाजूक आहे हे त्याला कसं कळणार? २०२३ मध्ये युझेनिक्स या कॉम्प्युटर संशोधनातल्या संस्थेच्या परिषदेत संशोधकांनी दाखवलं होतं की ही सोय वापरून साइटवरूनच फायली लॉक करून खंडणी मागता येईल. फायरफॉक्सने तर ही डिस्कवरची फोल्डरं उघडायची सोय घ्यायलाच नकार दिलाय, आणि मला त्यांचं पटतं. तुम्ही एडिटसाठी एक वेगळं फोल्डर करा, त्यात कॉपी टाका, तेवढंच द्या.

फोल्डर अपलोड करताना पण असंच. २०२२ मध्ये इम्पर्वा कंपनीच्या लोकांनी क्रोममधली चूक सांगितली होती, की झिपमधून आलेल्या फोल्डरमध्ये फाइलऐवजी दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा शॉर्टकट, म्हणजे सिमलिंक, लपवायचा, आणि तुम्ही ते फोल्डर साइटवर ओढून टाकलं की क्रोम न विचारता त्या बोटामागे जाऊन मूळ फाइल उचलून द्यायचा. त्यांनी उदाहरण क्रिप्टो वॉलेटचं दिलं होतं, वॉलेटची साइट म्हणते ही रिकव्हरी की डाउनलोड करा, मग परत अपलोड करा, माणसाला त्यात वावगं काही वाटत नाही. क्रोम १०८ पर्यंत ते पूर्ण बुजवलं.

उरलेले चटकन:

*इनकॉग्निटो वापरलं तर वाचतो का?* (अकोला) नाही. ते हिस्टरी ठेवत नाही, एवढंच. चुका त्याच.

*अँटीव्हायरस आहे, पुरे ना?* (पणजी) २०१५ च्या प्रकारात मशीनवर काही बसवलंच जात नव्हतं, ब्राउझरच फाइल वाचून पाठवत होता. अँटीव्हायरसने पकडायचं काय? असू दे, पण त्याच्या भरवशावर ब्राउझर जुना ठेवू नका.

*एक्स्टेन्शनचं काय?* (सोलापूर) क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात "फाइल यूआरएलला ॲक्सेस" असं एक बटण असतं, मुळात ते बंदच असतं. कुणाच्या व्हिडिओत बघून चालू केलं असेल तर आजच बंद करा, आणि नको असलेली एक्स्टेन्शन काढूनच टाका.

शेवटचा प्रश्न: अपडेट करा म्हणता, पण क्रोम आपोआप अपडेट होतो ना? आणि रीस्टार्ट केला तर माझे साठ टॅब जातील त्याचं काय? (पीएचडीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

डाउनलोड आपोआप होतं, लागू मात्र ब्राउझर बंद करून परत उघडल्यावरच होतं. लॅपटॉपचं झाकण नुसतं लावून उघडणारे लोक महिनोन्महिने जुन्याच क्रोमवर असतात, नवी आवृत्ती डाउनलोड होऊन शेजारी बसलेली असते तरी. वर उजव्या कोपऱ्यात रंग दिसतो तो त्याचाच, हिरवा म्हणजे अपडेट नुकतं आलंय, केशरी म्हणजे चारेक दिवस झाले, लाल म्हणजे आठवडा तरी उलटला. तुमचा लाल असणार, पैज लावतो.

टॅबचं टेन्शन घेऊ नका. सेटिंगमध्ये "ऑन स्टार्टअप" मध्ये जा, "जिथे सोडलं तिथून पुढे" हा पर्याय निवडा, मग तीन ठिपके, हेल्प, अबाउट गूगल क्रोम, आणि रीलाँच. साठच्या साठ परत येतील. फक्त इनकॉग्निटोमधले येत नाहीत, त्यातलं काही हवं असेल तर आधी उतरवून घ्या, आणि ऑनलाइन फॉर्म अर्धा भरलेला असेल तर तो आधी सबमिट करा.